पूजेला बसलेला जनरेटर

शिर्डीतल्या अडतीस हॉटेलांच्या वेबसाईटी सुप्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या आणि त्यांची वीज सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. हे वाक्य मी कुठल्याही लग्नाच्या पंगतीत म्हटलं, की शेजारच्या बाईचा घास हातातच राहतो. लोकांना वाटतं इंटरनेट वर कुठंतरी आकाशात असतं. नाही हो. ते शेडमध्ये असतं. शेडला दार असतं, दारावर वॉचमन असतो, आणि शेडच्या मागं बोरीच्या झाडाखाली एक जनरेटर असतो. सगळा खेळ त्या जनरेटरचा.

आधी माझं सांगते. आमच्या घराण्यात डिग्रीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला. वडील दूध संकलन केंद्रावर कॅन धुवायचे, आई शेतात. पारनेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून रोज एसटीनं नगरला जाऊन मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. तो कागद आईनं देवघरात ठेवला होता, नोकरीच्या मुलाखतीला न्यायचा तर त्याच्यावरचं कुंकू पुसावं लागलं. वडिलांना माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते गावात एवढंच सांगायचे, "आमची पोरगी शिर्डीची लाईट सांभाळती." त्यामुळं गावातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उडाला तरी फोन मला. "तुमी शिर्डीची सांभाळता, मग आपल्या गावची का न्हाई?" मी त्यांना वायरमनचा नंबर द्यायचे.

तर काम काय असतं ते सांगते. तुम्ही मोबाईलवर हॉटेलची खोली बघता, फोटो बघता, पैसे भरता. ती सगळी पानं एका कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली असतात. तो कॉम्प्युटर रात्रंदिवस, बारा महिने चालू लागतो, कारण भक्त कधी खोली शोधेल सांगता येत नाही. असे शेकडो कॉम्प्युटर एका थंड खोलीत कपाटांत रचून ठेवले, की झालं डेटा सेंटर. त्यांना सर्व्हर म्हणायचं. बाकी थाट काही नाही. हिरवे दिवे लुकलुकतात आणि पंखे घोंगावतात, एवढंच.

पण वीज एक सेकंद गेली, तरी सगळं झोपतं. म्हणून वीज तीन ठिकाणांहून. एक बोर्डाची लाईन. ती गेली, की त्याच क्षणी बॅटऱ्या भार उचलतात, त्याला यूपीएस म्हणतात. बॅटऱ्या पंचवीसेक मिनिटं टिकतात. तेवढ्यात जनरेटर आपोआप सुरू होऊन पुढचं सांभाळतो. मी नवीन पोरांना लग्नाचं उदाहरण द्यायचे. बोर्डाची लाईन म्हणजे ठरलेला आचारी. तो आला नाही, तर बॅटरी म्हणजे पाहुण्यांना दिलेला चहा. चहावर पाहुणे किती वेळ बसतील? तेवढ्यात दुसरा आचारी चुलीपुढं बसलाच पाहिजे. तो दुसरा आचारी म्हणजे जनरेटर. पाहुण्यांना कळताच कामा नये की आत काय गोंधळ चाललाय.

जनरेटरवर होते दगडूनाना. साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये उभं आयुष्य काढून रिटायर झालेले. अंगात पांढरा सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि जनरेटरला ते कायम "बया" म्हणायचे. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "म्याडम, डिझेलचा वास सोसंल का?"

मी म्हटलं, "नाना, मी शेणाच्या वासात वाढलेय."

"मग जमंल," म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझी खरी शिकवणी सुरू झाली. बया ज्या खोलीएवढ्या लोखंडी पेटीत बसायची, त्या पेटीवर नुसता तळहात ठेवून ते सांगायचे, बयेला आज ताप हाय, रेडिएटरला पाणी कमी पडलंय. मी मीटर लावून बघायचे. पाणी कमीच असायचं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं आणि कॉलेजात जे शिकवलं होतं ते नानांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं आमचं छान जमलं.

आता शिर्डीवाले. त्यांच्या संघटनेचे प्रमुख होते अण्णा. स्वतःचं चार मजली हॉटेल, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. एकदा ऐन गर्दीत, आधीच्या कंपनीकडं असताना, त्यांची वेबसाईट बंद पडली होती. पैसे भरलेले लोक आणि खोल्या यांचा मेळ लागेना, लोक बोचकी घेऊन लॉबीत झोपले. तेव्हापासून अण्णांचा कुठल्याच मशीनवर विश्वास नव्हता. आमच्याकडं यायच्या आधी ते दोन जीप भरून हॉटेलवाले घेऊन शेड बघायला आले. सगळे थंड खोलीच्या दाराशी थांबले, चपला काढल्या, आणि एकेक करून आत गेले. आवाज आपोआप खाली आले.

"आमची वेबसाईट कुठली ह्यातली?" अण्णांनी विचारलं.

अजून त्यांचं काहीच आलेलं नव्हतं. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? मी एका कपाटातला रिकामा कप्पा दाखवला. "इथं राहील."

अण्णांनी त्या कप्प्याला हात जोडले. मागून एक काका म्हणाले, "जागा चांगली हाय. पूर्वेला तोंड हाय." दुसऱ्यांनी विचारलं, "लई गारठा हाय हो इथं. बाधणार न्हाई ना तिला?"

बाहेर आल्यावर अण्णांनी आमच्या साहेबांसमोर अट घातली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, मूळचे संगमनेरचे, घरची जमीन गहाण टाकून शेड उभारलेले. अण्णा म्हणाले, "मुंबईचे डेटा सेंटरवाले म्हणतात, गावाकडं लाईट जाती. मी म्हणतो, बघू. ह्या दसऱ्यापासनं पुढच्या दसऱ्यापर्यंत एक वर्ष. येकदा जरी बंद पडली, येक मिनिट जरी, तरी आमी सामान उचलून मुंबईला. टिकली, तर तीन वर्षांचा करार."

अडतीस हॉटेलं म्हणजे आमची निम्मी शेड. ती गेली तर शेडला कुलूप, हे साहेबांनी मला जीप वळायच्या आत सांगितलं. मला पुण्यात नोकऱ्या मिळत होत्या. पण सुप्यात राहून मुंबईवाल्यांना दाखवून देण्याची जी खुमखुमी मला त्या दिवशी चढली, ती अजून पुरती उतरलेली नाही.

ते वर्ष मी विसरणार नाही. अण्णांना एकच खोड, वीज चमकली की फोन. पावसाळ्यात तर दिवसाला चार.

"मॅडम, आमच्याकडं कडाडली. तुमच्याकडं काय?"

"अण्णा, तुम्ही शिर्डीत, मी सुप्यात. मधे शंभर किलोमीटर आहे."

"वीज काय एसटीनं येती का? बघा जरा बाहेर जाऊन."

मी बाहेर जाऊन बघायचे. खरंच! नाही बघितलं तर झोप आली नसती. बोर्डाची लाईन त्या वर्षात जायची तेवढी गेली. एकदा घोरपड ट्रान्सफॉर्मरवर चढली, एकदा लग्नाच्या मांडवाची कमान घेऊन चाललेला ट्रक तारांत अडकला. दर वेळी बॅटऱ्यांनी भार उचलला, दर वेळी नानांची बया बाराव्या सेकंदाला गुरगुरली, आणि शिर्डीत कुणाला काही कळलं नाही. मी खोलीत हिरवे दिवे बघत उभी राहायचे आणि एकटीच हसायचे. यशस्वी झालात तर कुणाच्या लक्षातही येत नाही, असं ते काम आहे.

असं करत करत अकरा महिने एकोणतीस दिवस गेले आणि उजाडली खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा. शिर्डीत दसऱ्याला केवढी गर्दी असते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि आमच्या वर्षाचा शेवटचा दिवस तोच.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार करवत पुजतो. नानांनी सकाळी लवकर येऊन जनरेटर धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची जाडजूड माळ रेडिएटरच्या जाळीवर घातली. नारळ फोडला. पेटीत खाली कापड अंथरून त्यावर पाने, पक्कड, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर ओळीनं मांडले, प्रत्येकावर एकेक फूल. मला बोलावलं. मी हात जोडले, शिरा खाल्ला, वर आणखी मागून खाल्ला.

नाना म्हणाले, "झालं. आता बयेला इसरांती."

मी तोंडात शिरा असताना म्हटलं, "हो हो."

मग त्यांनी रोजच्या रजिस्टरवर लिहिलं. हे रजिस्टर मीच सुरू केलेलं, मीच रकाने आखलेले, आणि त्याचा मला फार अभिमान. जनरेटरच्या रकान्यात नानांनी लिहिलं, "पूजा झाली. विश्रांती." खाली मी सही केली. वर्षभर रोज करत होते तशी, न वाचता. नाना अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेले. त्यांची वस्ती रस्त्याच्या पलीकडं, गाडीवर दहा मिनिटांची.

सव्वाअकरा वाजता बोर्डाची लाईन गेली.

मला काहीच वाटलं नाही. बॅटऱ्यांनी भार घेतला, पडद्यावर पंचवीस मिनिटं दिसली. मी मनात आकडे मोजायला लागले. दहा, अकरा, बारा. शांतता. तेरा. वीस. तीस. बाहेर बोरीवर एक भोरडी बोलत होती, ती मला स्पष्ट ऐकू येत होती. जनरेटर चालू झाला की भोरडी ऐकू येत नाही.

मी धावत मागं गेले. पेटीच्या फटीतून आत बघितलं. आमची बया हार घालून, मळवट भरून, नव्या नवरीसारखी बसलेली. आणि तिच्या पायाशी, पाने-पकडीच्या ओळीत, फूल वाहिलेली, तिला सुरू करणाऱ्या छोट्या बॅटरीची काढून ठेवलेली वायर!

तेव्हा मला "इसरांती" समजली. साखर कारखान्यात दसरा यायचा तो गाळप सुरू व्हायच्या आधी. मशीनं तशीही थंडच असायची. पूजा झालेल्या मशीनला दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, हा तिथला जुना शिरस्ता. नानांनी तो उभा जन्म पाळला आणि त्यात कधी कुणाचं काही बिघडलं नाही. मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून वायर काढायची, हेही तिथलंच. माणूस कामात पक्का होता, म्हणून पक्कं बंद केलं होतं.

पेटीला कुलूप. डिझेल चोरीला जातं म्हणून नानांनी स्वतःचं पितळी कुलूप लावलेलं, कारखान्याच्या जमान्यातलं, नारळाएवढं. दुसरी किल्ली कुठं होती? पेटीच्या आत, खिळ्याला. तो खिळा मीच ठोकायला लावला होता, किल्ली हरवू नये म्हणून! इंजिनिअर आहे मी.

वॉचमन शिवाजीला मी म्हटलं, "काहीही कर, पण हे कुलूप तोड." हातोडा कुठाय? पेटीत, पूजेत. त्यानं दगड घेतला आणि घाव घालायला लागला. मी सबस्टेशनला फोन लावला. चिंचेची फांदी तारेवर पडली होती, माणसं निघाली होती, तासभर लागेल. मग नानांना लावला. उचलला सवितानं, त्यांच्या सुनेनं.

"ताई, मामा आंघुळीला बसल्यात. घट उठवायचेत ना आज."

"सविता, जनरेटरच्या कुलपाची किल्ली कुठाय?"

"ती व्हय? देवापुढं हाय ताटात. विळा, कुऱ्हाड आन् मामांची किल्ली. पुजलीय."

"ती घेऊन ये. आत्ता. पळत."

"आज उचलत न्हाईत ताई."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "सविता, पंधरा मिनिटांत ती किल्ली आली नाही, तर उद्यापासून इथं कुणालाच काम नाही. मला नाही, नानांना नाही." पलीकडं तिचा आवाज घरात घुमला, "मामाऽऽ! टॉवेल गुंडाळा!"

इकडं थंड खोली तापायला लागलेली. एसी बॅटरीवर चालत नाही, तेवढी ताकद तिच्यात नसते. मी दारं सताड उघडली, ऑफिसातले सगळे दिवे, कॉम्प्युटर, चहाची किटलीसुद्धा बंद केली. जे सर्व्हर अजून कुणाला दिलेले नव्हते ते एकेक झोपवले, म्हणजे बॅटरी लांबेल. पडद्यावर सोळा मिनिटं होती. मी वळून बघितलं तर अकरा! जुन्या बॅटऱ्यांचं असंच. पाहुण्यांना वाटतं किटली भरलेली आहे आणि दोन कपांत तळ दिसतो.

आणि फोन वाजला. अण्णा.

"मॅडम, काय हालहवाल? इथं पाय ठेवायला जागा न्हाई. बुकिंग धडाधड चाललंय. उद्याचा दिवस गेला की आपलं वरीस पूर्ण."

मागून दगडाचा आवाज. ठण्ण! ठण्ण!

"हे काय वाजतंय?"

"पूजा चाललीय अण्णा. खंडेनवमी ना."

"वा वा! घंटा मोठी दिसती. लाईट हाय ना?"

मी त्यांना वर्षभरात एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. म्हटलं, "सगळं व्यवस्थित आहे."

आठ मिनिटं राहिली असताना एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर एक स्कूटी दिसली. चालवत होती सविता, पदर खोचलेला. मागं नाना. कमरेला टॉवेल, अंगाला ओला सदरा चिकटलेला, एका गालावर साबण, आणि दोन्ही हातांत परात. परातीत देवाचे टाक, विळा, कुऱ्हाड, किल्ली, पानसुपारी आणि घटाचं हिरवंगार धान. सविता खड्डे चुकवत होती आणि नाना ओरडत होते, "हळू! देव सांडतील!" रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला थांबला आणि त्यानं नमस्कार केला.

"नाना, किल्ली!" मी ओरडले.

"देवापुढचं उचलत न्हाईत," नाना धापा टाकत म्हणाले. "म्हून मी ताटासकट आणलं. देव बी संगं आला. आता दोष न्हाई."

किल्ली कुलपात घातली. फिरेना. शिवाजीच्या दगडानं कुलूप उघडलं नव्हतं, पण त्याचं तोंड चेपलं होतं.

"कुणी दगड घातला रं?" नाना कडाडले. शिवाजी बोरीकडं बघायला लागला.

पाच मिनिटं. आणि मला जे बोलायला नको होतं ते मी तेव्हा बोलले. सुनेदेखत, वॉचमनदेखत. "नाना, तुमच्यामुळं वर्षाचं सगळं मातीत गेलं. ही काय कारखान्याची मोडीत काढलेली मशीन आहे का?" नानांचा चेहरा असा उतरला, की साबण लागलेला गाल आणि कोरडा गाल सारखेच दिसायला लागले. रजिस्टरवर माझी सही होती, शिरा मी खाल्ला होता, आणि बोलणी त्यांनी खाल्ली. ते मला आजही टोचतं.

तेवढ्यात सवितानं परातीतून कुऱ्हाड उचलली.

"आगं ए! पुजलेली हाय ती!" नाना किंचाळले.

"मामा, तुमीच म्हनला न्हवं, देव संगं आलाय? मग त्याला जरा काम करू द्या."

तिनं कुऱ्हाड उलटी धरली आणि कडीवर घाव घातला. एक. दुसऱ्याला कडी कुलपासकट खाली. लग्नाआधी ऊसतोडीला जाणाऱ्या त्या बाईनं काय काय तोडलं असेल, या विचारानं मी मनात हात जोडले.

एकदा कुऱ्हाड चालली म्हटल्यावर नानांचा शिरस्ता तिथंच संपला. त्यांनी पुजलेला पाना उचलला, फूल कानाला लावलं, आणि पेटीत शिरले. टॉवेल एका हातानं धरलेला, दुसऱ्यानं वायर आवळतायत. शिवाजी मागच्या दारातून आत पडद्याकडं बघत ओरडला, "मॅडम, दोन मिनिटं दाखवतंय!" मग, "मॅडम, एक!" मग तो ओरडायचाच थांबला आणि यूपीएस सलग किंचाळायला लागला.

"बये," नाना म्हणाले, "माफ कर गं," आणि चावी फिरवली.

ती गुरगुरली. खोकली. आणि धडाडून सुरू झाली! रेडिएटरचा पंखा फिरला तशी झेंडूची ती अख्खी माळ उधळली. सगळीकडं झेंडू. माझ्या केसांत, शिवाजीच्या टोपीवर, नानांच्या साबणाच्या गालावर पाकळ्या चिकटलेल्या. सविता कुऱ्हाड हातात घेऊन हसत सुटली. मी आत पळाले. सगळे दिवे हिरवे. शिर्डीचा एकही सर्व्हर झोपला नव्हता. बॅटरीत किती उरलं होतं? पडद्यावर शून्य होतं. शून्य मिनिटं म्हणजे काही सेकंद असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी खाली फरशीवर बसले आणि अशी हसले, अशी हसले, की मला वाटलं आता मीच बंद पडते.

बाहेर येऊन नानांच्या पाया पडले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, टॉवेल सुटंल."

दसरा पार पडला. वर्ष पूर्ण. वेबसाईट एक क्षणही बंद पडली नव्हती. साहेब संगमनेरहून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "झालं ते झालं. आता तोंड बंद. करार होऊ द्या."

पण दोन दिवस मला जेवण गोड लागेना. वेबसाईट बंद पडली नव्हती हे खरं. अण्णांना मी "सगळं व्यवस्थित" म्हटलं होतं हेही खरं, आणि तेव्हा काहीच व्यवस्थित नव्हतं. आमच्या घरातला पहिला डिग्रीचा कागद माझा. त्यावर शिक्का कसला, तर मला मशीन कळतं याचा. आणि सही मात्र मी न वाचता ठोकलेली. तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून, त्यांची नाराजी ओढवून, अण्णांना सगळं लिहून पाठवलं. इसरांती, कुलूप, परात, कुऱ्हाड, शून्य. खाली लिहिलं, चूक नानांची धरू नका, रजिस्टरवर सही माझी आहे.

दोन दिवस काही नाही. साहेब माझ्याशी बोलत नव्हते. नाना रोज येऊन जनरेटर पुसायचे आणि विचारायचे, "आला का फोन?" वर्षभर मी ज्याच्या फोनला वैतागले होते, त्या माणसाच्या फोनची मी वाट बघत होते. आकाश भरून आलं, लांब वीजही चमकली, तरी फोन नाही. तेव्हा मात्र मला वाटलं, गेले मुंबईला.

पाचव्या दिवशी वाजला.

"मॅडम, तुमचं पत्र वाचलं. सगळ्या हॉटेलवाल्यांसमोर मोठ्यानं वाचलं."

मी फोन पहिल्यांदाच कानाला चिकटवून धरला.

"एक विचारू? खरं सांगा. तुमच्या त्या नानांनी वायर काढली, ती पूजेच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"आसं. आमच्या माणसानं आधी काढली."

"कसली?"

"लिफ्टची!" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "खंडेनवमीला आमी लिफ्ट पुजतो. हार घालतो, आन् दिवसभर बंद ठेवतो. वडलांपासनं चालत आलंय. त्या दिवशी दिल्लीची पन्नास माणसं बॅगा घेऊन चार मजले चढली. येक म्हातारी तिसऱ्या मजल्यावर बसली ती उठंना. खुर्चीसकट वर न्यावी लागली. आन् ती वर बसून मला काय म्हनली माहितीय? किती प्रगत हॉटेल, इथं माणसं उचलून नेतात!"

मी हसू दाबत होते. पलीकडून दहा-बारा माणसं हसत असल्याचा आवाज आला.

"मुंबईवाल्यांकडं जाऊन काय करू मॅडम? त्यांच्याकडं काय झालं ते आमाला कधी कळणार न्हाई. तुमी निदान सांगता. पण येक अट हाय. साहेबांना म्हणावं, दुसरा जनरेटर घ्या. बयेला सुट्टी पायजे, आपल्याला बी लाईट पायजे."

साहेबांनी कर्ज काढून दुसरा घेतला. करार करायला अण्णा शिर्डीहून आले, वकिलाला घेऊन. सगळ्यांच्या सह्या व्हायच्या आधी त्यांनी नानांना बोलावून घेतलं, शेजारी बसवलं, आणि दोघांनी मिळून कागदाच्या शेवटी पेनानं एक ओळ घातली. "खंडेनवमीला एक जनरेटर पूजेत, एक कामावर. दसऱ्याला अदलाबदल."

वकील चष्मा पुसत म्हणाला, "अण्णा, ही ओळ करारात बसत नाही."

अण्णा म्हणाले, "मग करार मोठा करा."